पोटाशी अडकलेली माळ

आमच्या गल्लीत दारूनं कोणी मरत नाही. मरतात ते कावीळ होऊन. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला कावीळ होऊन गेला, ट्रॅक्टर चालवणारा गेला, देवळामागच्या घरातले दोघं सख्खे भाऊ एकामागोमाग गेले. एखाद्याला अटॅक येतो, एखादा विहिरीवर पाय घसरून पडतो. पण दारूनं? छे हो, भलतंच काय! आमचं गाव पिंपळगाव राजा, माणसं सगळी अब्रूची. माझे मालकही असेच अब्रूनं गेले. पुढं त्याच अब्रूवर माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरत आलं, आणि ते होऊ द्यायचं की मोडायचं हे माझ्या एकटीवर येऊन पडलं.

माझी पिठाची चक्की आहे. म्हणजे त्यांची होती, आता माझी. बी.ए. झालेली बाई डोक्याला फडकं बांधून दळण दळते याचं सुरुवातीला लोकांना फार नवल वाटायचं. आता कोणी बघतसुद्धा नाही. दिवसभर मोटरच्या आवाजात राहायचं, म्हणजे बोलायचं ते ओरडून, आणि ओरडून बोलण्यासारखं माझ्याकडं काही नसतं. बाया डबे ठेवतात, "बारीक कर वं" म्हणतात आणि निघून जातात. संध्याकाळी मोटर बंद केली की अशी शांतता होते की नको वाटतं. मग मी उगाच चक्की झाडते, झाडलेली पुन्हा झाडते. घरी जाऊन तरी कोणाशी बोलायचं?

गावात कोण गेलं ते मला गव्हावरून कळतं. तेरवीचं दळण वेगळं ओळखू येतं. पोतं खांद्यावर आणणारा घरचा नसतो, शेजारचा असतो, आणि सोबत बुंदीसाठी हरभऱ्याची डाळ असते. म्हाताऱ्या माणसाची तेरवी असली की तो दोन शब्द बोलतो, "खाऊनपिऊन गेली बुढी" म्हणतो, हसतोसुद्धा. तरण्या माणसाची असली की पोतं ठेवतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. अलीकडं बाहेर जाऊन उभे राहणारेच जास्त येतात. मी विचारत नाही. विचारलं तर काय उत्तर मिळणार ते मला पाठ आहे.

आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते. गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच नव्हते. कधी माझ्यावर हात उचलला नाही, कोणाच्या लेकीसुनेकडं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. चक्कीचा गुळगुळीत झालेला दगड टाकी मारून पुन्हा खरखरीत करावा तर यांनीच. यांच्या हातचं पीठ न्यायला नांदुऱ्याहून माणसं यायची. पोरीला सायकलवर मागं बसवून शाळेत सोडायचे आणि वाटेत तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. फक्त प्यायचे. आधी दळण संपल्यावर, मग दळण चालू असताना, मग दळणाच्या आधी. मी भांडले, रुसले, माहेरी जाऊन बसले, देवाची शपथ घातली. शपथ घेतली की चार दिवस बरे जायचे. पण त्या चार दिवसांत हात असे थरथरायचे की पिठाचा डबा हातातून सुटायचा. मग मलाच दया यायची. बाईची जात, दुसरं काय!

एक दिवस त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. माझा दीर शेजारीच राहतो, आणि घरातलं बाहेरच्या लोकांशी जे काही बोलायचं ते तोच बोलतो. तो म्हणाला, "कावीळ हाय वयनी. दवाखान्यात काऊन नेता? काविळीले दवाखान्यात औषध नाही. माळ घालून आणू."

आमच्याकडं ही पद्धतच आहे. मोताळ्याच्या वाटेवर एका खेड्यात एक म्हातारा झाडपाल्याच्या काड्यांची माळ करून देतो. आधी ती एवढीशी असते, डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. काड्या सुकत जातात, दोरा सैल होतो, माळ वाढत जाते आणि अंगावरून खाली उतरते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेला आणि मग पायातून बाहेर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तोवर हळद बंद, तेल बंद. उसाचा रस, फुटाणे आणि ज्वारीची भाकर.

घरात सगळ्यांना एकच उद्योग लागला, माळ बघायचा. "आज कुठलोक आली वं?" हे सकाळी उठल्या उठल्या मला विचारायचे. गळ्याखाली आली त्या दिवशी लहान लेकरासारखे खूश झाले. दीर येऊन बघून जायचा, "उतरून राह्यली, उतरून राह्यली" म्हणायचा. गल्लीतल्या बाया डोकावून जायच्या. पाय सुजले होते ते कोणी पाहिलं नाही. पोट वाढत चाललं ते रसानं असेल म्हणाले. आणि हे माळ घालून, सगळं पथ्य पाळून, चक्कीच्या मागं जाऊन पीतच होते. हळद बंद होती हो, दारू कुठं बंद होती! म्हाताऱ्यानं पथ्यात दारूचं नावच घेतलं नव्हतं, म्हणे.

माळ छातीवरून खाली आली आणि पोटाशी अडकली. पोट एवढं फुगलं होतं की तिला पुढं जायला वाटच नव्हती. मी दोन बोटं घालून सैल करायला गेले की हे ओरडायचे, "हात नोको लावू, आपोआप उतरते." पोटावर काड्यांचे वळ उठले होते. मग एका सकाळी रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठं गाडी करून आम्ही त्यांना बुलढाण्याला नेलं.

वॉर्डाच्या दारातच माझे पाय थांबले. दोन्हीकडं खाटा आणि खाटांवर सगळे पिवळ्या डोळ्यांचे पुरुष. कोणी पंचविशीचा, कोणी चाळिशीचा. हातपाय काड्या झालेले आणि पोटं ही एवढी. खाटांजवळ त्यांच्या बायका बसल्या होत्या, पण एक बाई दुसरीकडं बघत नव्हती. डॉक्टरीण तरुण होती आणि थकलेली होती. तिनं यांचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षांपासून पितात?" माझा दीर मध्येच म्हणाला, "मॅडम, त्याले कावीळ झाली." ती म्हणाली, "कावीळ मला दिसतेय. दारूनं झालीय ती. लिव्हर गेलंय. ही समोरची लाइन बघा, सगळे तेच आहेत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, रागावण्याइतकी ताकद तिच्यात उरली नसावी. सिस्टरनं कात्री आणली आणि ती अडकलेली माळ कचकन कापली. हे शुद्धीवर होते. कापलेल्या माळेकडं बघून ते रडले, मग मीही रडले. आम्ही दोघं मिळून रडलो ते तेवढंच.

ते गेले. तेरवीपर्यंत गल्लीत गोष्ट तयार झाली की माळ उतरायच्या आत सिस्टरनं कापली, म्हणून माणूस गेला. बसायला येणारी प्रत्येक बाई मला हेच सांगायची, आणि बिचारी मला बरं वाटावं म्हणून सांगायची. मी एकदाच तोंड उघडलं. "माळेनं नाही हो..." एवढंच म्हटलं, तर दीरानं मला आत बोलावून घेतलं. "वयनी, गेला थो गेला. पोरीचं लग्न व्हाचं हाय अजून. दारूड्याची पोरगी कोण करंल?" पोरगी तेव्हा नववीत होती, दाराआड उभी राहून ऐकत होती. तिच्याकडं पाहून मी गप्प बसले. पण एक सांगते, नवरा गेल्याचं दुःख माणूस सोसतं. खोट्या कारणासाठी रडायला लावलं की मात्र फार एकटं पडतं. सगळे माळेसाठी रडत होते. मी कशासाठी रडते ते सांगायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून पोरीनंही बापाचं नाव काढलं नाही. आम्ही दोघी एका घरात, एका ताटात जेवायचो, आणि बोलता बोलता विषय तिकडं वळला की ती भांडी घासायला उठायची आणि मी पीठ चाळायला. ती शिकली, खामगावला एका शाळेत लागली, रोज बसनं जाऊन येऊन करू लागली. मग मोताळ्याचं स्थळ आलं.

मुलाचं खताबियाण्याचं दुकान, घरची कपाशी, सोयाबीन. दिसायला देखणा, बोलायला मऊ. पोरीला आवडला, ते लोक गेल्यावर ती आरशासमोरून हलेना, तेवढ्यावरून मला कळलं. मुलाला वडील नव्हते, काका सोबत आला होता. सोयरिकीत विचारतात ते सगळं विचारून झालं, शेती, शिक्षण, मामकूळ. मग काकानं विचारलं, "पोरीचे वडील कशानं वारले?" मी आत पोहे परतत होते. माझा दीर जराही न अडखळता म्हणाला, "कावीळ झाली होती. माळ घातली, पण दवाखान्यात मधातच कापली." काका म्हणाला, "अरे राम! आमच्या भाऊलेबी कावीळच. माळ घातली होती. पण उतरलीच नाही ना, पोटाशीच अटकली."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बाहेर माणसं मान डोलवत होती, दोन्ही घरांवर सारखंच संकट आलेलं म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं असावं. मला मात्र ते पोट दिसलं, ते वळ दिसले, कात्री दिसली. माळ पोटाशी कधी अडकते ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या घरात काय झालं होतं ते मला कळलं. आता एकच गोष्ट कळायची राहिली होती, बापाच्या मागं पोरगा पितो की नाही.

पण विचारायचं कोणी? दीर म्हणाला, "खोदून नोका पाहू वयनी. आपण त्यायचं खोदलं त थे आपलं खोदतीन." खोटं नव्हतं त्याचं. त्यांना विचारायचं तर आधी आपलं झाकलेलं उघडं करावं लागणार, आणि एकदा उघडं केलं की हे स्थळ जाईल आणि पुढची स्थळंही जातील. मी पोरीला विचारलं, "तुले कसा वाटला?" ती म्हणाली, "चांगला हाय ना. काऊन?" मी म्हटलं, "काई नाही, असंच." त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. दगड इतके घट्ट आवळले की पीठ करपलं, आणि बायांनी येऊन मला चार गोष्टी सुनावल्या.

मग घर पाहायला आम्ही मोताळ्याला गेलो, मी, दीर आणि जाऊ. बाजाराचा दिवस होता, त्यांच्या दारापर्यंत भाजीवाले बसले होते. घर चांगलं होतं, स्वच्छ. भिंतीवर वडलांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. मुलाची आई माझ्याच वयाची, माझ्यासारखाच मोकळा गळा. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, "इहीणबाई" म्हणाली. सोयरीक पक्की व्हायच्या आधीच म्हणाली, आणि मला ते इतकं गोड लागलं की काय सांगू! किती दिवसांत मला कोणी नव्या नात्यानं हाक मारली नव्हती.

पोरगा दुकानातून आला आणि सगळ्यांच्या पाया पडला. माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मला पेपरमिंटचा वास आला. भरदुपारी, तोंडात गोळ्यांचा बकाणा भरल्यासारखा. आमचे हे बडीशेप खायचे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण आशीर्वाद काही तोंडातून निघाला नाही.

बैठकीत पुरुषमाणसं तारखेचं बोलायला लागली. मी पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. मुलाची आई कपबशा विसळत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "बाई, माहा माणूस दारूनं मेला."

तिनं नळ बंद केला. "तुमच्या दिरानं त कावीळ सांगतली."

"खोटं सांगतलं. मी खरं सांगून राह्यली. आता मोडाची असंल त मोडा सोयरीक."

हे मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते, तेही परक्या बाईच्या स्वयंपाकघरात. बाहेर कोणीतरी कशावर तरी मोठ्यानं हसलं. मला वाटलं, झालं! आता ही बाहेर जाणार आणि सगळ्यांसमोर आमची लक्तरं काढणार. तिनं बशी फडक्यानं कोरडी केली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, "माहाबी."

"ठाऊक हाय मले. माळ पोटाशी अटकली म्हणले तुमचे दीर, तवाच समजलं."

ती खुदकन हसली आणि हसता हसताच रडायला लागली. पदर तोंडात कोंबून रडली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मीही तिच्याजवळ खाली बसले. "कोणापाशीच बोलली नाही वं मी," ती म्हणाली, "कोणापाशीच नाही." मी म्हटलं, "मी तरी कुठं बोलली?" आम्ही दोघी फरशीवर बसून एकमेकींचे हात धरून होतो. एवढ्या वर्षांत माझ्या दुःखाला सोबत मिळाली ती तेव्हा. पण मी सोबतीला आले नव्हते, पोरीसाठी आले होते. म्हणून विचारलं, "अन् पोरगा?"

तिनं दाराकडं पाहिलं. एकुलता एक होता तो. "सारे म्हणतेत, लग्न झालं का सुधरते. दीर म्हणतेत, जाऊ म्हणते. मीबी म्हणत होती. चांगली सून आली का तिच्या धाकानं सोडते, असं वाटे मले."

"माही सासूबी असंच म्हणे," मी म्हटलं.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "तुमचे पोरीचा फोटो पाह्यला तवापासून मले लय आशा होती. अशी पोरगी माह्या घरात यावं, मले आई म्हणावं..." मग ती खाली बघून म्हणाली, "देऊ नका."

स्वतःच्या पोटच्या पोरासाठी म्हणाली ती हे. मग तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि माणसांसाठी दुसरा चहा ठेवला. अशी विहीण मला शोधूनही मिळाली नसती, आणि तिच्याच सांगण्यावरून मी ती सोयरीक मोडून निघाले.

पुढं व्हायचं ते झालं. दीर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही तर नाही, त्यानं माझं काय अडलं? पण पोरगी बोलेना, ते मला जड गेलं. मी तिला सांगितलं, "थो पेते बाई." ती म्हणाली, "मंग काय झालं? मी सोडवली असती. तुले माह्यं चांगलं पाहवत नाही." त्यानंतर ती घरात यायची, जेवायची, वह्या तपासायची आणि झोपायची. "मीठ दे", "दिवा मालव", एवढंच. मोटर बंद झाल्यावर चक्कीत जेवढं सुनं वाटतं त्याहून जास्त मला माझ्या घरात वाटायला लागलं. मी काय केलं होतं? पोरीला वाचवलं होतं. पण वाचवलेल्या माणसाला ते दिसत नाही, आणि दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

मोताळ्याची ती बाई अधूनमधून फोन करायची, दुपारी, लाइट गेलेली असली की. आमची लाइट त्यांच्यासोबतच जायची. पोराचे डोळे पिवळे झाले तेव्हा तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, "माळेच्या नादी लागू नका, आजच्या आज दवाखान्यात न्या." तिनं भांडून नेलं. पोरगा काही दिवस सुधारला, दुकानात बसायला लागला, फोनवर तिचा आवाज बदलला. मग पुन्हा सुरू झालं. मग तिचे फोन यायचे बंद झाले, आणि मला करायची हिंमत होईना.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. दीर चक्कीच्या दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मोताळ्याचा थो पोरगा गेला म्हणतेत. कावीळ झाली होती."

संध्याकाळी पोरगी शाळेतून थेट चक्कीवर आली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तिनं स्वतः बटण दाबून मोटर बंद केली. अर्धं दळण वर तसंच राहिलं. म्हणाली, "मी गेली असती त वाचला असता थो."

मला एकदम तिचा राग आला आणि तेवढीच तिची दयाही आली. अगं, हेच मी स्वतःला किती वेळा म्हटलं आहे! मी माहेरी गेले नसते तर, मी दाराला कुलूप लावलं असतं तर, मी आणखी थोडी भांडले असते तर. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की बायांच्या म्हणण्यानं माणसं वाचत असती तर त्या वॉर्डात एवढ्या बाया बसल्या नसत्या. पण ते बोलले नाही. म्हटलं, "उद्या बसायले जाऊ. चालतं का?"

"आपण कोण लागतो त्यायचे?"

"कोणीच नाही. चाल."

मोताळ्याच्या त्या बैठकीत आता सतरंजी घातली होती. बापाच्या फोटोशेजारी पोराचा फोटो. त्याला अजून चंदनाचा हार आला नव्हता, झेंडूचाच होता. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, माणसं दाराशी. ती मधोमध बसलेली, केस सुटलेले, नजर कुठंच नाही. माझ्यामागून पोरगी आत आली तेव्हा मात्र तिची नजर वर झाली. कोणीतरी नव्यानं आलेल्या म्हातारीनं विचारलं, "कशानं गेलं वं पोरगं?" दाराशी बसलेला काका सवयीनं म्हणाला, "कावीळ झाली. माळ घालू म्हणलं त ऐकलं नाही हिनं."

तिनं माझ्या पोरीला हाताला धरून जवळ ओढलं, स्वतःशेजारी बसवलं. "या पोरीसमोर खोटं नोका बोलू," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हे माही सून होनार होती. आज हे माह्याजवळ पांढरं कपाळ घेऊन बसली असती. दारूनं गेलं माह्यं पोरगं. दारूनं. बापासारखंच."

मग काका शेजारच्याला म्हणाला, "डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं." आणि माणसं हळूहळू दुसरं बोलायला लागली, पावसाचं, सोयाबीनचं. बायाही पदर सारखे करत उठू लागल्या. ती पोरीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, "वाचली माय, वाचली" म्हणत. पोरगी ताठ बसून होती. आम्ही निघालो तेव्हा त्या बाईनं मला "येते जा" म्हटलं नाही, बसायला आलेल्यांना तसं म्हणत नाहीत. पण तिनं माझी बोटं सोडायला वेळ लावला.

परतीची बस भरलेली होती. आम्हाला मागं जागा मिळाली, पोरगी खिडकीशी बसली. गाव मागं पडल्यावर तिनं बाहेर बघत विचारलं, "आई, बाबा कशानं गेले?"

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पुढच्या सीटवर आमच्याच गावची दोन माणसं होती, रोज चक्कीवर येणारी. मी सवयीनं आवाज खाली आणणार होते. मग चक्कीत बोलते तशी बोलले, मोटर चालू असताना बोलते तशी. "दारूनं."

पुढची दोघं वळून बघायला लागली. बघू दे. पोरीनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"सायकलवर त्यायच्या पाठीशी बसली का मले वास ये," ती म्हणाली. "मले वाटे थो बाबाचाच वास हाय. लय आवडे मले. थो पोरगा पाहाले आला ना आई, अन् पाण्याचा गिलास घ्यायले वाकला, तवा त्याच्या अंगालेबी थोच वास होता." ती खिडकीकडं वळली. "म्हणून आवडला असंल मले."